इंजिनाचा पंखा आणि अतितापाचे निदान

इंजिनात निर्माण होणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेहून अधिक झाली, की शीतकाचे तापमान मर्यादा ओलांडते. या अवस्थेस अतिताप म्हणावे. शीतक म्हणजे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण, व्यवहारातील कूलंट. त्याचे नित्य तापमान साधारण ९० अंश सेल्सिअस असते.

उष्णतेचे निष्कासन दोन टप्प्यांत होते: प्रथम धातूकडून शीतकाकडे, नंतर रेडिएटरमध्ये शीतकाकडून हवेकडे. पहिला टप्पा वॉटर पंप व थर्मोस्टॅट यांच्या अधीन आहे. पंख्याचा संबंध केवळ दुसऱ्याशी. तेथेही वारा दोन मार्गांनी मिळतो, गाडीच्या वेगामुळे किंवा पंख्यामुळे. महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला पहिला मार्ग बहुधा पुरतो. बोरघाटात ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये चढणाऱ्या गाडीत मात्र भार अधिक आणि वारा नगण्य असतो. पंख्याचे प्रयोजन या स्थितीपुरते आहे.

पंख्याचे प्रकार तीन. (१) पट्ट्यावर चालणारा दृढ पंखा. याची गती इंजिनाच्या गतीशी बांधलेली असते, आणि पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. गती दुप्पट झाली की शक्ती आठपट लागते, तीही बहुधा गाडी वेगात असताना, म्हणजे वारा आपोआप मिळत असताना. (२) श्यान क्लचचा पंखा. क्लचमधील द्विधातूची पट्टी रेडिएटरमागील हवा तापल्यावर झडप उघडते, सिलिकॉन तेल आत येते आणि पंखा पकड घेतो. थंडीत तो बराचसा सैल फिरतो. (३) विद्युत पंखा. आडव्या बसवलेल्या इंजिनाची पुली रेडिएटरकडे तोंड करत नाही, म्हणून अशा मोटारींत हाच पर्याय सोयीचा ठरला. त्याची गती इंजिनावर अवलंबून नसते. इंजिन मंद चालत असतानाही तो पूर्ण वेगाने फिरू शकतो, आणि गर्दीतल्या गाडीला नेमके हेच हवे असते.

यावरून निदानाचा नियम निघतो. गाडी सिग्नलपाशी तापते व वेग घेताच निवते, तर प्रथम पंखा तपासावा. उलट, सपाट रस्त्यावर वेगात तापते, तर रेडिएटर तुंबणे, पंप, थर्मोस्टॅट किंवा शीतकाची गळती यांचा विचार करावा. पहिल्या स्थितीत थर्मोस्टॅट काढून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आढळते. ती चुकीची आहे. त्यामुळे वारा वाढत नाही, आणि इंजिनाला नित्य तापमान गाठण्यास विलंब लागून झीज वाढते.

पंख्याची परीक्षा प्रकारानुसार भिन्न आहे. श्यान क्लचचा पंखा, इंजिन बंद करून ते गरम असतानाच, हाताने फिरवावा. प्रतिकार न देता तो अनेक फेरे घेत राहिला, किंवा क्लचच्या मध्यभागी तेलाचे ओघळ दिसले, तर क्लच गेला आहे. विद्युत पंख्याला असा हात लावू नये, कारण कित्येक गाड्यांत तो चावी काढल्यावरही सुरू होतो. त्यासाठी एसी लावून पाहावा. बहुतेक मोटारींत थोड्याच वेळात पंखा फिरू लागतो. तो एसीने फिरतो पण तापमान वाढल्यावर फिरत नाही, तर मोटर शाबूत असून संवेदक संशयास्पद आहे. मुळीच फिरत नाही, तर फ्यूज, रिले, जोडणी व शेवटी मोटर असा क्रम ठेवावा. नवी मोटर आणण्याआधी वीस-तीस रुपयांचा फ्यूज पाहणे शहाणपणाचे.

एका भागाची उपेक्षा सर्वाधिक होते: श्राउड, म्हणजे पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे वेष्टन. दुरुस्तीनंतर ते परत न बसवल्यास पंखा रेडिएटरच्या संपूर्ण पृष्ठभागातून हवा न ओढता आजूबाजूचीच हवा घुसळतो. पंखा जोरात फिरताना दिसतो, तरी गाडी तापते, आणि दोष भलत्याच भागावर येतो.

काटा लाल रेषेकडे गेल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण लावावा आणि गाडी कडेला घ्यावी. वाफ दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. त्या झाकणामुळे आत सुमारे एक वायुमंडलाचा अधिक दाब राहतो आणि साधे पाणीही सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल करताच दाब जातो व ते क्षणात उकळून हातावर व तोंडावर उसळते.