मातीच्या भिंतीपासून काचेच्या पाटीपर्यंत

सेवाग्राम आश्रमात गेलेला यात्रेकरू बापूंच्या कुटीतील बैठक पाहतो, चरखा पाहतो आणि हात जोडून पुढे सरकतो. भिंतीकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. त्या मातीच्या भिंतीवर मातीनेच उठावात घडविलेली ताडाची झाडे आहेत. ती मीराबेन यांच्या हातची. इंग्लंडमधील एका नौसेनाधिकाऱ्याची ही कन्या, मॅडलिन स्लेड, १९२५ साली भारतात आली आणि गांधीजींच्या आश्रमाची झाली. सेगाव म्हणजेच आजचे सेवाग्राम. तेथे कुडाच्या भिंती लिंपता लिंपता तिच्या बोटांना ही झाडे सुचली. रंगाची पेटी नाही, कुंचला नाही; समोर होते ते रान आणि हाताखाली होती ती माती.

त्या भिंतीची आठवण आम्हांस अलीकडे वारंवार होते. त्याचे कारण आमच्याच घरांत आहे. मुलगा किंवा मुलगी मोबाईलच्या काचेवर बोट फिरवीत बसलेली दिसते. आपण रागावायला जातो आणि पाहतो, तर काचेवर गव्हाणीतील बाळ येशू किंवा आजीचा सुरकुतलेला चेहरा उमटलेला असतो. 'कोणी शिकविले?' असे विचारले तर उत्तर येते, 'कोणीच नाही, मीच शिकलो.' हे उत्तर खरे आहे काय? आणि खरे असेल, तर अशा शिक्षणाला आपण कोणते स्थान द्यावे? वर्धा जिल्ह्याचा इतिहास या प्रश्नाला उत्तर देऊ शकतो, असे आम्हांस वाटते.

मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ सालची. पण आर्वी, हिंगणघाट, पुलगाव येथील सामान्य घरातील मुलाला मुंबई दूर आणि खर्चही न पेलणारा. त्याच्या वाट्याला आले ते शाळेतील चित्रकलेचे शिक्षक आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट या दोन परीक्षा. त्यापुढे ज्याचा तोच गुरू. असा एकलव्यमार्ग आपल्या भागात हौसेपेक्षा गरजेतून अधिक रुळला.

या जिल्ह्यात कलेचा विचार नव्याने झाला तो १९३७ साली. त्या वर्षीच्या २२ व २३ ऑक्टोबर रोजी वर्धा येथे शिक्षण परिषद भरली. पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सात वर्षांच्या मूलभूत शिक्षणाची योजना मांडली, ती 'वर्धा योजना' म्हणून देशभर गाजली. सूतकताईसाठी ती सर्वांच्या लक्षात राहिली. पण मातृभाषा, गणित यांच्या पंक्तीला चित्रकला व संगीत यांनाही तिने बसविले होते, हे आज फारसे कोणी सांगत नाही. योजना राबविण्यासाठी हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि त्याची धुरा ई. डब्ल्यू. आर्यनायकम व त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी वाहिली. आर्यनायकम हे सिलोनमधील जाफना येथील ख्रिस्ती तमिळ कुटुंबात जन्मलेले. पंथाने ते कॅथॉलिक नव्हते. तरी नई तालीमच्या पायात एका ख्रिस्ती माणसाचे श्रम आहेत, ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावी.

१९४४ साली सेवाग्रामच्या या शाळेत देवी प्रसाद नावाचे तरुण कलाशिक्षक आले. शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या छायेत ते शिकले होते. १९६२ पर्यंत ते सेवाग्रामला राहिले, चित्रकला शिकविली, कुंभारकामाचे चाक फिरते ठेवले. मुलांच्या कलेविषयी त्यांनी हिंदीत व नंतर इंग्रजीत विस्ताराने लिहिले. मुलाच्या चित्रावर शिक्षकाने आपली रेघ ओढू नये, असे ते मानीत. चित्र करता करता मूल आतून वाढते. ती वाढ हेच खरे फळ, कागदावरचे चित्र हा तिचा माग. स्वतः उत्तम गुरूंकडे शिकलेल्या माणसाने विद्यार्थ्याला स्वतःच्या पायांवर चालू द्यावे, हा संयम मोठा आहे.

वर्धा शहरातील मगनवाडीत दुसरे एक काम चालले होते. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हेही तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यातील. येशूच्या शिकवणुकीवर त्यांनी तुरुंगात ग्रंथ लिहिला. हातकागद, तेलघाणी, मधमाशीपालन यांचे प्रयोग मगनवाडीत होत आणि त्यांची माहिती पत्रिकेतून छापली जाई. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले. कारागीर आपली खुबी सहसा मुलाखेरीज कोणाला देत नसे; येथे ती जो येईल त्याच्यासमोर मांडून ठेवली होती. वर्ध्याच्या इतिहासातील ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

पुढे ही योजना ओसरली. सरकारी शाळांत टकळी हा केवळ उपचार उरला, आणि हे गरिबांचे दुय्यम शिक्षण आहे अशी पालकांची समजूत झाली. चित्रकलेचा तास तर परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकण्याचा तास ठरला. सेवाग्रामात २००५ साली 'आनंद निकेतन' शाळेच्या रूपाने नई तालीमचा दिवा पुन्हा लागला. पण मधली अनेक वर्षे वाया गेली ती गेलीच.

त्याच काळात जगात चित्राचे नवे साधन घडत होते. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी प्रकाशलेखणीने संगणकाच्या पडद्यावर रेघ काढून दाखविली. १९८४ साली मॅकपेंट आले, १९९० साली फोटोशॉप. परंतु अशा आज्ञावल्यांची किंमत सामान्यांच्या आवाक्याबाहेरची होती. १९९६ साली कॅलिफोर्नियातील दोन विद्यार्थ्यांनी 'गिंप' ही चित्रांची आज्ञावली विनामूल्य खुली केली, तिच्या अंतर्रचनेसह. २००२ साली हॉलंडच्या टॉन रोझेंडाल यांनी लोकवर्गणीतून १ लाख युरो उभे करून 'ब्लेंडर' सर्वांसाठी मोकळे केले. त्यानंतर 'क्रिता' हे चित्रकारांचे साधनही तसेच विनामूल्य मिळू लागले. आम्हांस यात मगनवाडीचाच आत्मा दिसतो: हुन्नर कोंडून न ठेवता चव्हाट्यावर मांडणे.

या साधनांत चित्र थराथरांनी रचले जाते: एका थरावर कच्ची रेघ, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर छाया. चूक झाली तर मागे जाता येते, कागद वाया जात नाही. शिवाय थर उलगडून दुसऱ्याला दाखविले की चित्र कसे घडले हे पायरीपायरीने कळते. म्हणूनच 'मीच शिकलो' हे उत्तर अर्धे खरे. साधन घडविणाऱ्यांनी आणि आपले थर उघडे करून दाखविणाऱ्या अनोळखी चित्रकारांनी त्या मुलाला शिकविलेले असते. स्वयंशिक्षित माणसाचे गुरू अनेक असतात. त्याला त्यांची नावे ठाऊक नसतात, इतकेच. यंत्र म्हणून बिचकण्याचेही कारण नाही. शिवणयंत्राला गांधीजींनी १९२४ सालीच आपल्या यंत्रविरोधातून वगळले होते.

ख्रिस्तसभेनेही या मार्गाचा गौरव केला आहे. कार्लो अकुतिस हा इटलीत वाढलेला मुलगा पुस्तके वाचून स्वतःच संगणकाची भाषा शिकला आणि त्याने परमप्रसादाच्या चमत्कारांचा संग्रह जगापुढे ठेवला. २००६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संतपद बहाल केले. शिकलेले त्याने स्वतःपाशी ठेवले नाही, हे त्याच्या जीवनाचे एक मर्म आहे.

धोके नाहीत असे नाही. दुसऱ्याचे चित्र उचलून आपले म्हणून मिरविणे सोपे झाले आहे. आणि आता तर चार शब्दांची आज्ञा देताच यंत्रच चित्र काढून देते. अशा वेळी देवी प्रसादांची कसोटी हाताशी ठेवावी: हे करताना मूल वाढले काय? उत्तर होकारार्थी असेल, तर साधन कोणते याची फार चिंता नको.

निर्गमाच्या पुस्तकात बसालेल या कारागिराची कथा आहे. देवाने त्याला सोने, रुपे, लाकूड घडविण्याची बुद्धी दिली. आणि त्याबरोबर इतरांना शिकविण्याची प्रेरणाही त्याच्या अंतःकरणात घातली. दोन्ही दाने एकत्रच आली. आपल्या धर्मग्रामांतून या दुसऱ्या दानाला जागा हवी. महिन्यातून एका रविवारी मिस्सेनंतर सभागृहात अशा मुलामुलींनी आपले चित्र आणावे, त्याचे थर उलगडून दाखवावेत, कोणाकडून काय घेतले तेही सांगावे. वडीलधाऱ्यांनी बसून पाहावे. खर्च काही नाही. मीराबेनच्या मातीलाही तो नव्हता.