ध्वनिसाहित्याची ऑनलाइन खरेदी (चंद्रपूर–गडचिरोली)

ध्वनिसाहित्याची ऑनलाइन खरेदी : अॅम्प्लिफायर, स्पीकर, माइक, मिक्सर, हेडफोन, रेकॉर्ड प्लेअर व त्यांचे सुटे भाग दुकानात न जाता संकेतस्थळावरून, मोबाइल अॅपवरून किंवा ऑनलाइन लिलावातून घेण्याचा व्यवहार. कानाने पारखायची वस्तू इथे डोळ्याने घेतली जाते. या व्यवहारातली बहुतेक फसगत त्यातूनच होते. चंद्रपूर आणि त्यातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झालेला गडचिरोली हे जिल्हे जंगलाचे आहेत. गडचिरोलीचा तर दोन-तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. मोठी दुकाने चंद्रपुरात, त्याहून मोठी नागपूरच्या सीताबर्डीत. त्यामुळे कुरियर पोचू लागल्यापासून इथल्या गिऱ्हाइकाला ही खरेदी सोयीची वाटते. ती सोयीची आहेही. मात्र चुकीची वस्तू आली तर ती परत धाडणे तितकेच गैरसोयीचे आहे.

गिऱ्हाईक कोण, हे आधी पाहावे लागते. शहरात असे साहित्य घेणारा बहुधा हौशी असतो, इथे तो बऱ्याचदा धंदेवाईक असतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरतात, शंकरपट होतात आणि त्यांच्या रात्री झाडीपट्टीची, म्हणजे या जंगलपट्ट्याची, नाटके लागतात. या रंगभूमीचे ठाणे देसाईगंज म्हणजे वडसा. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे आहेत आणि हंगामाच्या तारखा तिथूनच ठरतात. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक रात्रभर चालते, प्रेक्षक उघड्या मैदानावर हजारोंनी बसतात आणि नाटकात गाणी भरपूर असतात. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला पद ऐकू गेले नाही तर गाव पुढच्या वर्षी त्या साउंडवाल्याला बोलावत नाही. साउंड सर्व्हिसवाल्यांखेरीज भजनी मंडळे, गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थना, ग्रामपंचायती, वराती आणि रानडुकरे हाकलण्यासाठी धुऱ्यावर भोंगा बांधणारे शेतकरी हेही या बाजाराचे गिऱ्हाईक आहेत.

भारतात ऑनलाइन लिलावाची सुरुवात बाझी डॉट कॉमपासून धरतात. २००० साली सुरू झालेली ही कंपनी २००४ मध्ये ईबेने घेतली. २०१७ मध्ये ईबेचा भारतातला व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंद झाले. देशी लिलाव तिथेच जवळपास संपला. आज लिलावात बोली लावणारा मराठी हौशी परदेशी संकेतस्थळांवर लावतो, आणि जुन्या वस्तू देशात घेणारा वर्गीकृत जाहिरातींच्या अॅपवर जातो.

वॅटचा आकडा : सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक चालणारी फसवणूक हीच. स्पीकरच्या खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असे छापलेले असते. पीएमपीओ म्हणजे क्षणभर मिळू शकेल अशी कल्पिलेली कमाल शक्ती. ती मोजण्याचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही, त्यामुळे आकडा छापणाऱ्याच्या मर्जीवर असतो. उपयोगाचा आकडा आरएमएस किंवा सलग शक्तीचा. तोही किती ओहमच्या भाराला आणि किती विकृतीला, हे सोबत लिहिलेले हवे. दोन ओहमला दिलेला आकडा मोठा दिसतो, पण गावातल्या पेट्या बहुधा आठ ओहमच्या असतात आणि त्यांच्यावर तेच मशीन निम्म्याहूनही कमी शक्ती देते. (या धंद्यात अॅम्प्लिफायरला मशीनच म्हणतात, अॅम्प्लिफायर हा शब्द बिलापुरता.)

ही लबाडी घरी बसून पकडता येते. मशीनच्या मागे फ्यूज असतो आणि त्यावर अँपिअर लिहिलेले असतात. तीन अँपिअरचा फ्यूज आणि २३० व्होल्ट यांचा गुणाकार ६९० होतो. विजेच्या तारेतून सलग ६९० वॅट आत येत असतील तर बाहेर ५००० वॅट येणार कुठून? अॅडॉप्टरवर चालणाऱ्या छोट्या मशीनचे गणित आणखी सोपे. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अॅडॉप्टर २४ वॅट देतो; खोक्यावर काहीही छापलेले असो, आवाज २४ वॅटच्या आतच राहणार. सुट्या बोर्डांच्या बाजारात एलए ४४४० ही सॅन्योची जुनी आयसी शंभर-दीडशे वॅटची म्हणून विकली जाते. निर्मात्याच्या माहितीपत्रकात ती दोन वाहिन्यांना सहा-सहा वॅट, किंवा ब्रिज जोडणीत १९ वॅट देते असे नोंदलेले आहे. पत्रक कोणालाही मिळते, वाचतो मात्र दुरुस्तीवाला, आणि तोही बोर्ड जळाल्यावर.

ब्लूटूथ स्पीकरच्या बॅटरीतही हाच खेळ चालतो. १८६५० आकाराच्या लिथियम सेलवर ९९०० एमएएच छापून येते; चांगल्यात चांगला सेल साधारण ३५०० पर्यंत जातो.

डुप्लिकेट माल : ज्या नावावर गावाचा विश्वास, त्याचीच नक्कल होते. सभा-समारंभाच्या मशीन आणि कर्ण्यांसाठी आहुजा हे नाव विदर्भात जवळजवळ सामान्यनाम झाले आहे (ही दिल्लीची कंपनी १९४० सालची). म्हणून एखाद्या अक्षराच्या फरकाने तसेच दिसणारे नाव लावलेली मशीन ऑनलाइन यादीत शेजारी येऊन बसते. मोबाइलच्या पडद्यावर ते अक्षर नजरेतून सुटते. माइकमध्ये सर्वाधिक नक्कल झालेल्यांपैकी एक म्हणजे १९६६ साली आलेला शुअर कंपनीचा एसएम ५८. खरा माइक सुमारे २९८ ग्रॅम भरतो, कारण त्याच्या दांड्यात ट्रान्सफॉर्मर असतो. नकली बहुधा हलका भरतो. गावातल्या किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा या परीक्षेला पुरतो. दुसरी खूण अशी की नेहमीच्या मॉडेलला स्विच नसतो. स्विचचे मॉडेल कंपनी वेगळ्या नावाने विकते. स्विचचा माइक स्विच नसलेल्याच्या नावाने आला, तर संशय घ्यावा.

सुट्या भागांतली नक्कल अधिक घातक असते, कारण ती दिसत नाही. भारतीय बनावटीच्या मोठ्या मशीनमध्ये सी ५२०० आणि ए १९४३ ही तोशिबाची ट्रान्झिस्टरची जोडी सर्रास वापरतात. खरा नग २३० व्होल्ट, १५ अँपिअर आणि १५० वॅटचा असतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या नगावर छपाई हुबेहूब असते, पण फोडून पाहिले तर आतला सिलिकॉनचा तुकडा नखाच्या कोपऱ्याएवढाच निघतो. घरी गाणे लावले तर तो चालतो. नाटकाच्या रात्री गाण्याला मशीन चढवले की तो शॉर्ट होतो. संरक्षणाचा सर्किट नसेल तर सरळ डीसी वीज स्पीकरमध्ये शिरते आणि बेसची कॉइल जळते. मग ट्रान्झिस्टरवर वाचवलेल्या पैशात नवा कोन बसवायची मजुरीही निघत नाही. कपॅसिटरचेही तेच: मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर घालून वर मोठा आकडा चिकटवलेला.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा केंद्र सरकारचा आदेश २०१२ सालचा. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी ज्या वस्तूंना लागते, त्यांच्यावर चिन्हासोबत ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो आणि तो ब्युरोच्या अॅपवर ताडून पाहता येतो. सुरुवातीच्या यादीत अॅम्प्लिफायर होते ते २००० वॅट आणि त्यापुढच्या विद्युतभाराचे. म्हणजे गावातली लहान मशीन त्या वेळी यादीबाहेरच राहिली. ब्लूटूथ स्पीकर, बिनतारी हेडफोन नंतर यादीत आले.

कॉर्डलेस माइक : बिनतारी माइकला इथे कॉर्डलेस म्हणतात. परदेशी किंवा जुना संच घेताना त्याची कंप्रता पाहिली जात नाही. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा भारतात २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी विकला गेला. त्या पट्ट्यातला माइक टॉवर नसलेल्या गावात सुरळीत चालतो आणि तालुक्याच्या ठिकाणी, ऐन प्रयोगात, खरखरू लागतो. माणूस माइक बदलतो, सेल बदलतो, शेवटी नशिबाला दोष देतो. दोन संच एकाच कंप्रतेचे आले तर एका वेळी एकच वापरता येतो, आणि स्वस्त संचांत कंप्रता बदलण्याची सोय नसते.

वीज : विक्रीच्या यादीतला वॅटचा आकडा पूर्ण दाबाच्या विजेवर घेतलेला असतो. मंडईच्या तात्पुरत्या जोडणीवर दाब १७० व्होल्टपर्यंत उतरला, तर लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या साध्या मशीनची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि सुमारे ५५ टक्केच उरते. हलक्या एसएमपीएस मशीन दाबाचे चढउतार बऱ्याच सोसतात. मात्र जनित्राच्या झटक्याने त्या गेल्या तर चंद्रपूरच्या पलीकडे त्यांना हात लावणारा सहसा सापडत नाही. जड मशीन वडशातही दुरुस्त होते. या कारणासाठी जुने साउंडवाले आजही वजनावरून मशीन घेतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

लिलाव आणि जुना माल : नाट्यसंगीताच्या तबकड्या जपणारे शौकीन चंद्रपुरात आहेत, आणि त्यांना जपानी किंवा अमेरिकी रेकॉर्ड प्लेअरचा मोह पडतो. जपानी यंत्र १०० व्होल्टचे, अमेरिकी १२० व्होल्टचे. थेट लावले तर जळते; स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवले तरी ६० हर्ट्झवर चालणारी सिंक्रोनस मोटर आपल्या ५० हर्ट्झवर मंद फिरते. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी जेमतेम २८ होतात आणि गायक सुरासकट खाली येतो. जपानी रेडिओचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झपासून सुरू होऊन आपल्याकडची बरीच केंद्रे सुरू होण्याआधीच संपतो. वर्णनात ‘तपासलेले नाही’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ ‘तपासले, चालले नाही’ असा धरून बोली लावावी. विक्रेत्याचीच माणसे बोली चढवतात हा प्रकार सगळ्या लिलावांत आहे. उपाय एकच: कमाल रक्कम आधी ठरवायची आणि त्यात वाहतूक, विमा, सीमाशुल्क धरायचे. ‘भेट म्हणून पाठवतो, शुल्क लागणार नाही’ या आमिषाला बळी पडू नये. डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरियरने भेट म्हणून माल आणण्यावर बंदी आहे. राखी आणि जीवरक्षक औषधे तेवढी वगळली आहेत.

जुन्या मालाच्या देशी अॅपवर धोका वस्तूत कमी आणि पैशात जास्त. विकणारा स्वतःला जवान म्हणवतो, बदली झाल्याचे सांगतो आणि आगाऊ रक्कम मागतो. विकायला काढलेल्यालाही फसवतात: ‘पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करून पिन टाका’. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर कळवावे.

वाहतूक आणि परती : स्पीकरचे चुंबक जड असते. खोके आपटले की ते सरकते, कॉइल घासू लागते आणि बाहेरून ओरखडाही दिसत नाही. म्हणून खोके उघडतानाच न थांबवता चित्रण करावे, पत्त्याची चिठ्ठी आणि अनुक्रमांक त्यात दिसावेत. परत घ्यायला सात किंवा दहा दिवस असतात. मुंबईत ती मुदत पुरते. भामरागडात पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेले की रस्ता बंद होतो आणि पावसाळ्यात हे आजवर जवळजवळ दरवर्षी घडत आले आहे. एटापल्ली, भामरागड, सिरोंचाकडे कुरियर अनेकदा घरी येत नाही. माणूस आलापल्ली-अहेरीहून माल उचलतो, अॅपवर मात्र ‘पोचला’ अशी नोंद आधीच पडलेली असते. मुदतीची मोजणी तिथून सुरू होते. पावसाळ्यात घेऊन हंगामासाठी बांधून ठेवलेले मशीन दिवाळीत उघडले तर परतीचा प्रश्नच उरत नाही. मशीन आले त्याच दिवशी आठ ओहमच्या पेटीवर तासभर चालवून पाहावे. खोके आणि थर्माकोल मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवावे.

कायदा : ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढावी असा नियम आहे. मात्र एखाद्याने घरातली जुनी वस्तू वैयक्तिकरीत्या विकली तर हे नियम त्याला लागू होत नाहीत. कायद्यातली या भागाला सर्वांत उपयोगी तरतूद म्हणजे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा सुरतेचा. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला तक्रारशुल्क नाही.

साउंडवाल्याला एक अडचण येते. समोरचा वकील म्हणतो, हा धंद्यासाठी घेतलेला माल, याला ग्राहक म्हणता येत नाही. परंतु केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असे कायद्यातच म्हटले आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात हा भेद सविस्तर सांगितला. स्वतः मशीन चालवणारा, घरच्या एक-दोघांना हाताशी घेणारा माणूस त्यात बसू शकतो. दहा गड्यांची टीम ठेवणाऱ्याचे कठीण. बिलावर दुकानाचे नाव आणि जीएसटी क्रमांक घालून सवलत घेतली असेल तर तो कागद पुढे विरोधात वाचला जातो, हे खरेदीच्या वेळीच ध्यानात ठेवावे.

तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती ऑनलाइन दाखल करता येते आणि सुनावणी दूरदृश्य प्रणालीने घ्या अशी विनंतीही करता येते. सिरोंचाहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ असून तिथे मराठीतही बोलता येते.