पाठीवरचे बिऱ्हाड आणि उसनी कढई

एम.एस. करायला अमेरिकेत आलो तेव्हा दोन बॅगांत आईने काय काय भरले होते ते आजही पाठ आहे. कुकर होता, गोडा मसाला होता, पण कढई मात्र राहिली होती. विमानतळावर घ्यायला आलेल्या मराठी सीनियरने चार रात्री आपल्या घरी झोपू दिले आणि निघताना स्वतःची कढई हातात ठेवली. म्हणाला, "मला परत देऊ नकोस. पुढच्या वर्षी येईल त्याला दे." मंडळी, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात अशी एखादी कढई येऊन गेली असेल.

तिची आठवण झाली ती जॉर्जिया राज्यातल्या कोलंबस शहरात. एका प्रोजेक्टसाठी मी तिथे काही महिने होतो. गावाला लागूनच फोर्ट बेनिंग हा मोठा लष्करी तळ. ऑफिसातल्या एका सहकारी बाईंचे यजमान सैन्यात होते. कढईची गोष्ट ऐकून त्या हसल्या. "आमच्याकडे तर त्यासाठी कपाटच असते!" म्हणाल्या. लेंडिंग क्लोजेट, म्हणजे उसनवारीचे कपाट. तेव्हापासून या कपाटामागचा इतिहास मी मिळेल तसा वाचत गेलो.

फौजी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सीमेवरचा जवान आणि गावी वाट पाहणारे घर. अमेरिकन सैन्यात मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदली होते आणि बहुधा सगळे घरच हलते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसे. फरक इतकाच की हे बिऱ्हाड मागाहून येते. परदेशी बदली असली तर सामान बोटीने यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर रिकाम्या क्वार्टरमध्ये बाई, मुले आणि चार सुटकेस. दुसऱ्या महायुद्धानंतर एप्रिल १९४६ पासून सैनिकांची कुटुंबे जर्मनीत राहायला येऊ लागली, तेव्हापासून तर हा प्रश्न समुद्रापार गेला.

सैन्याने मात्र बराच काळ याकडे काणाडोळा केला. तुम्हाला बायको असावी असे सैन्याला वाटले असते तर गणवेशाबरोबर तीही मिळाली असती, असा एक कडवट विनोद बराकीत प्रचलित होता. नव्याने आलेल्यांना डॉक्टर कुठे, शाळा कोणती, वाणसामान कुठे मिळते हे सांगत ती शेजारीण, म्हणजे सहा महिने आधी आलेली दुसऱ्या एखाद्या सैनिकाची बायको. पण शेजारीण भेटली तर ठीक, नाहीतर ज्याचे त्याने बघावे.

१९६० पर्यंत अमेरिकन सैन्यात गणवेशातल्या माणसांपेक्षा त्यांच्या कुटुंबीयांची संख्या जास्त झाली होती. अखेर जुलै १९६५ मध्ये 'आर्मी कम्युनिटी सर्व्हिस' सुरू झाली. लेफ्टनंट कर्नल एमा बेअर्ड या महिला अधिकाऱ्याचा त्यात मोठा वाटा होता. योजनेचा डोलारा मुख्यतः स्वयंसेवक बायकांवरच उभा होता. शेजारीण जे करत होती त्याला आता एक खोली मिळाली, टेबल मिळाले, फोन मिळाला. आणि ते कपाट. त्यात पातेली, ताटल्या, इस्त्रीचे टेबल, बाळाचा पाळणा. आपले सामान आले की हे परत करायचे, म्हणजे पुढच्याला मिळते.

आणि चारच महिन्यांत, नोव्हेंबर १९६५ मध्ये, व्हिएतनाममध्ये इया द्रांगची लढाई झाली. चार-पाच दिवसांत दोनशेहून अधिक अमेरिकन सैनिक पडले. त्यातल्या अनेकांची कुटुंबे या बेनिंगच्या परिसरातच होती. मृत्यूची तार त्यांच्या दारी आणत होता टॅक्सीवाला! नव्या गावात, अनोळखी माणसाच्या हातून. बटालियनचे प्रमुख हॅल मूर यांच्या पत्नी जुलिया मूर या टॅक्सींच्या मागोमाग त्या घरांत जाऊ लागल्या आणि अंत्यविधींना उभ्या राहिल्या. त्यांनी वरपर्यंत तक्रार लावून धरली. पुढे अशी बातमी गणवेशातल्या अधिकाऱ्याने आणि धर्मगुरूने घरी जाऊन सांगायची, ही पद्धत आली. २०२३ मध्ये या तळाला मूर दांपत्याचे नाव देण्यात आले. २०२५ मध्ये ते पुन्हा बेनिंग झाले, पण ती पद्धत टिकली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १९७० मध्ये ॲडमिरल झुमवाल्ट यांनी नौदलात खलाशांच्या पत्नींनाच कुटुंबे आणि कमांडर यांच्यातला अधिकृत दुवा बनवले. १९८३ मध्ये लष्करप्रमुख जनरल विकम यांनी सैनिकांच्या कुटुंबांविषयी एक श्वेतपत्रिकाच काढली. बदली होऊन येणाऱ्याला आधीपासून तिथे असलेला एक 'स्पॉन्सर' नेमून देतात. तो आधी पत्र लिहितो आणि पहिले काही दिवस बरोबर हिंडतो. २००८ पासून राज्याराज्यांत करार होऊ लागले, म्हणजे शाळा बदलताना या मुलांचा प्रवेश आणि इयत्ता अडू नये. २०१४ पर्यंत पन्नासही राज्ये त्यात आली.

या इतिहासातली मला भावलेली गोष्ट अगदी साधी आहे. नवागताला काय लागते हे पहिल्यांदा मुख्यालयाला कळले नाही. ते कळले त्या बाईला, जिला स्वतःचा पहिला आठवडा आठवत होता. मुख्यालयाचे शहाणपण इतकेच की त्याने उशिरा का होईना, तिच्या हाती किल्ली दिली.

आपल्या मंडळाचे काय? आता नवे जोडपे येते ते फोनवर नकाशा, घरपोच किराणा आणि भाड्याचे फर्निचर घेऊन. त्यांना आपली गरज नाही असे आपण धरून चालतो. गणपतीला भेटतील तेव्हा भेटू म्हणतो. पण तापलेल्या मुलाला रात्री दोन वाजता कुठे न्यायचे, हे विचारायला फोनमध्ये कुणाचा नंबर आहे का त्यांच्या?

माझ्या सीनियरची कढई मी पुढच्या वर्षी एका मुलाला दिली. त्याने ती कुणाला दिली ठाऊक नाही. ती अजून फिरत असावी अशी आशा आहे. यंदा आपल्या गावात नव्याने आलेल्या एका तरी घराची बेल आपण गणपतीच्या आधी वाजवू या.