नाव, निशाणी आणि जबाबदारी



आजचा विषय ऐकून काहीजण गालात हसले असतील. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर 'लोगो'वर काय बोलणार? त्यामुळे आधी हा विषय आमच्याकडे कसा आला, ते सांगून टाकतो.

गेल्या वर्षी आम्ही पंचाहत्तरी ओलांडली. आमची नात पुण्याला डिझाइन शिकते. तिनं आजोबांना भेट म्हणून आमच्या नावाच्या आद्याक्षरांची एक खूण तयार केली. अक्षरं एकमेकांत गुंफलेली, वर एकच शिरोरेघ. ती खूण तिनं चहाच्या मगावर, पेनावर, कापडी पिशवीवर छापून आणली आणि म्हणाली, "आजोबा, हा तुमचा ब्रँड." आम्हाला आनंद झाला, खोटं कशाला बोलू! पण रात्री झोप येईना. पिशवीवर आमचं नाव म्हणजे नेमकं काय? ती पिशवी आमच्या वतीनं काय बोलणार? त्या रात्रीच्या विचारातून हे व्याख्यान तयार झालं.

आपल्या शहरापासूनच सुरुवात करू. 1490 साली मलिक अहमदनं बहामनी फौजेचा पराभव केला, आणि त्याच परिसरात पुढं त्याच्या नावाचं शहर उभं राहिलं. म्हणजे 'अहमदनगर' ही मुळात एका माणसाची नाममुद्राच होती. फरक इतकाच, की ती कागदावर नव्हती, जमिनीवर उमटवलेली होती. पाचशेहून अधिक वर्षांनी, 2024 साली, या नगराला आणि जिल्ह्याला 'अहिल्यानगर' हे नाव मिळालं. तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिलं की नाव बदलणं म्हणजे नुसती पाटी बदलणं नव्हे. शिक्के बदलतात, पत्रांचे मथळे बदलतात, एसटीचे फलक बदलतात. नाव किती ठिकाणी चिकटलेलं असतं, ते सोडवायला गेल्याशिवाय कळत नाही. आणि योगायोग पाहा, जिच्या नावाचं हे नगर झालं, तिचा स्वतःच्या नावाशी व्यवहार फार वेगळा होता. त्याकडे शेवटी येऊ.

आपल्याकडच्या खुणांचा इतिहास बघायचा तर आधी राजमुद्रा पाहावी लागते. शिवाजी महाराजांची अष्टकोनी मुद्रा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आहे. आजकाल ती मोटारीच्या काचेवरही दिसते. 28 जानेवारी 1646 चं रांझ्याच्या पाटलाच्या शिक्षेचं जे पत्र आहे, त्यावर ही मुद्रा आहे. आजूबाजूला फारसी मुद्रांची रीत असताना ही मुद्रा संस्कृतात आहे. तिचा आशय थोडक्यात असा: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी आणि जगाला वंद्य असलेली ही शहाजीपुत्र शिवाची मुद्रा लोककल्याणासाठी शोभते. आता नीट पाहा. त्यात नाव आहे, वडिलांचं नाव आहे, पण तिथंच ती थांबत नाही. ही मुद्रा कशासाठी आहे, तेही तिच्यात लिहिलेलं आहे. आणि ती उमटली कुठं? गावच्या पाटलानं एका स्त्रीशी बदअंमल केला, त्याच्या शिक्षेच्या कागदावर. म्हणजे मुद्रेत लिहिलेला हेतू आणि कागदातलं काम यांचा मेळ बसतो. आमच्या मते त्या मुद्रेची खरी शोभा या मेळात आहे, अष्टकोनात नाही.

या पत्रांच्या शेवटी दुसरी एक लहान मुद्रा असे. तिला मर्यादा-मुद्रा म्हणतात. मजकूर इथं संपला, असं ती सांगते. तिचं काम अगदी व्यवहारी होतं: कुणी मागाहून खाली दोन ओळी घुसडू नयेत. पेशवाईतही पत्राच्या अखेरीस 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद' असे शिक्के येतात. म्हणजे आपल्या जुन्या लोकांनी खुणेची दोन कामं वेगळी केली होती. पहिली खूण सांगते, हे माझं आहे. दुसरी सांगते, माझं इथपर्यंतच आहे. आजच्या ब्रँडवाल्यांना पहिली खूण ठाऊक आहे, दुसरीचा मात्र विसर पडलाय.

पेशव्यांचा मुख्य शिक्काही बघण्यासारखा. त्यात आधी राजा शाहू नरपती, मग 'हर्षनिधान', आणि त्यानंतर बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान. ज्याच्या हाती सगळा कारभार, त्याचं नाव दुसरं! यात नम्रता किती आणि राजकारण किती, हा वाद इतिहासकारांनी घालावा. आम्हाला एवढंच दिसतं की शिक्क्यात अक्षरांची मांडणी हीच सत्तेची मांडणी असते. कोण वर, कोण खाली, यात संबंध ठरतो.

हे झालं राजेलोकांचं. पण ज्याला अक्षरच येत नव्हतं, त्याचं काय? जुने महजर, म्हणजे गावच्या सभेचे निवाडे, पाहिले तर खाली नावांची रांग दिसते आणि नावापुढं निशाण्या असतात. पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, शिपाईगड्याची कट्यार, बाईची बांगडी. लिहिता येत नाही म्हणून माणूस सभेतून वगळलेला नाही. तो आपल्या कामाचं अवजार काढतो, आणि ते चित्र म्हणजे त्याचा शब्द. उद्या वाद निघाला तर नांगर काढणाऱ्या पाटलाला पुढं येऊन 'होय, हे मी कबूल केलं होतं' असं सांगावं लागे. खूण सुबक आहे की वेडीवाकडी, हे कोणी विचारत नसे. विचारत ते इतकंच, की खूण करणारा उभा राहतो की नाही.

पुढं इंग्रजी अमदानीत अंगठा आला. अंगठ्यानं माणूस अचूक ओळखू येतो हे खरं, पण अंगठ्यात तो काय करतो ते दिसत नाही. नांगर गेला, बांगडी गेली, उरला शाईचा डाग, आणि त्यासोबत 'अंगठाबहाद्दर' ही शिवी. आमच्या आईला अक्षरओळख नव्हती. पारनेर भागातल्या आमच्या कोरडवाहू जमिनीच्या कागदावर तिनं अंगठा उठवला की ती घाईघाईनं पदराला बोट पुसायची. ते आम्ही लहानपणी पाहिलंय. आपली खूण पुसून टाकावीशी वाटणं, हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. आता कळतं.

आता थोडं आमच्या शास्त्राबद्दल बोलायची परवानगी असावी. न्यायशास्त्रात डोंगरावर धूर दिसला की अग्नीचं अनुमान करतात. त्या धुराला 'लिंग' म्हणतात. लिंग म्हणजे खूण, चिन्ह. पण खूण कधी खरी ठरते? धूर आणि अग्नी यांचं साहचर्य अव्यभिचारी असेल तेव्हा. जिथं जिथं धूर, तिथं तिथं अग्नी. याला व्याप्ती म्हणतात. व्याप्ती नसेल तर दिसतो तो हेतू नव्हे, हेत्वाभास. धुकं पाहून आग समजण्यासारखं.

कुठल्याही लोगोला हीच कसोटी लावा. आपण साखरेच्या पोत्यावरचा शिक्का पाहून आतली साखर न चाखता पोतं उचलतो. का? तो शिक्का आणि तो माल यांचं साहचर्य वर्षानुवर्षं टिकलंय म्हणून. 1950 च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सोबतच्या शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्या नावाला बाजारात पत नव्हती. ती उसाच्या प्रत्येक गाळपानं मिळवावी लागली. चिन्ह एका दिवसात काढता येतं. व्याप्ती जमायला पिढी जाते, आणि मोडायला एक दुपार पुरते.

ती दुपार आमच्या आयुष्यात आली होती. ते सांगणं जड जातं, तरी सांगतो. एका महाविद्यालयात विभागप्रमुख असताना आम्ही सहीचा रबरी शिक्का करून घेतला होता. कागद फार, वेळ थोडा. शिक्का टेबलाच्या खणात असायचा. एकदा हजेरी कमी असलेल्यांची यादी त्या शिक्क्यानिशी गेली. नामसाधर्म्यामुळं तीत एका भलत्याच मुलाचं नाव पडलं. त्याचं वर्ष बुडालं. तो भेटायला आला. आम्ही म्हटलं, "अरे, ती सही मी केलेली नाही." तो शांतपणे म्हणाला, "सर, सही तर तुमचीच आहे. मग केली कोणी?" या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. ज्ञानमीमांसेची पदवी होती, उत्तर नव्हतं. त्या दिवशी शिक्का मोडला. मुलाचं वर्ष काही परत आलं नाही.

संतांकडंही हाच प्रश्न दिसतो. आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशाला शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली म्हणतात, तो पैस तिथं आजही आहे. ज्ञानदेव, नामदेव, तुकोबा यांच्या रचनांत शेवटी कवीचं नाव येतं. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. शाईची नाही, आवाजाची मुद्रा! गाणाऱ्याच्या तोंडून पिढ्यानपिढ्या चालणारी. पण मुद्रा लोकप्रिय झाली की तिच्यामागं दुसरेही येतात. नामदेवांच्या कितीतरी नंतर विष्णुदास नामा झाला, आणि 'नामा' या मुद्रेखालचं कोणतं काव्य कोणाचं, हे निवडताना अभ्यासकांच्या नाकी नऊ आले. व्यापारचिन्हाच्या कायद्यानं हा तंटा सुटला नसता. आशय पाहूनच निवाडा करावा लागतो.

आता चौंडीच्या लेकीकडं येऊ. 31 मे 1725 रोजी जामखेड तालुक्यातल्या चौंडीला जन्म. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले, 1766 मध्ये सासरे मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला. त्यानंतर 1795 पर्यंत अहिल्यादेवींनी महेश्वराहून राज्य केलं. काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, मंदिरं, धर्मशाळा बांधल्या. इतक्या ठिकाणी नाव कोरायला जागा होती! पण राज्य त्यांनी शंकराला वाहिलेलं. आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी 'श्री शंकर'. महेश्वरच्या रुपयावर त्या काळच्या रीतीनं बादशहा शाह आलमचं नाव फारसीत, आणि त्यासोबत खूण कोणती? शिवलिंग आणि बेलाचं पान.

मघाशी सांगितलं, लिंग म्हणजे खूण. इथं खूण आणि देव एकाच आकृतीत आले. पण आम्हाला यात भक्तीइतकीच जबाबदारी दिसते. स्वतःच्या नावानं चुकीचा हुकूम निघाला तर माणूस स्वतःला माफ करू शकतो. शंकराच्या नावानं चुकीचा हुकूम काढणाऱ्यानं माफी कुणाकडं मागायची? नाव मागं घेऊन त्यांनी जबाबदारी झटकली नाही, उलट वाढवली. आता आपण त्यांचंच नाव प्रत्येक पाटीवर लिहिलंय. ते पाटीवर लिहिणं सोपं होतं. त्या पाटीखालच्या टेबलावरचा कागद त्या नावाला शोभेल का, हा प्रश्न मात्र रोजचा आहे.

आता नातीच्या कामाबद्दल दोन शब्द, कारण तरुण मंडळी समोर बसलेली आहेत. देवनागरीत आद्याक्षरांची खूण करणं रोमनपेक्षा वेगळं आहे. आपण 'पु. ल.' लिहितो, 'प. ल.' नाही. म्हणजे आपलं आद्याक्षर स्वरासकट येतं. तिकडं 'जी. ए.' म्हणताना आपण इंग्रजी अक्षरं देवनागरीत बोलतो. आपली खूण कोणत्या रीतीनं बोलणार, हे आधी ठरवा. उकार, वेलांटी, मात्रा यांना वर-खाली जागा लागते. शिरोरेघ अक्षरांना एका दोरीत ओवते, पण लहान आकारात अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या शाईनं बुजतात. म्हणून खूण आधी एका रंगात काढा, मग नखाएवढी करून पाहा. दीनानाथ दलालांची 'दलाल' ही सही चित्राच्या कोपऱ्यात असायची, तरी लांबून ओळखू यायची. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली की जाहिरातीतल्या अक्षरांवरूनच नाटकाची जात कळावी. दोघांनीही अक्षर नटवण्याआधी वाचू दिलं.

आणि खूण कशावर टिकते, हे बघायचं असेल तर भांड्यांच्या दुकानात जा. तिथं नाव घालणारा कारागीर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षर उठवतो. जोडाक्षर त्याच्या हाताला अवघड जातं, म्हणून तो नाव आटोपशीर करायला सांगतो. आमच्या घरातल्या प्रत्येक तांब्या-पातेल्यावर आजोबांचं किंवा वडिलांचं नाव होतं. आई गेली, तेव्हा तिच्या स्मरणार्थ वाटायला आम्ही स्टीलचे डबे घेतले. कारागिरानं विचारलं, "नाव काय घालू?" आम्ही तिचं नाव सांगितलं, आणि मनात आलं, जिनं ही सगळी भांडी चाळीस वर्षं घासली, तिचं नाव भांड्यावर येतंय ते ती गेल्यावर.

नातीला आम्ही हे सगळं सांगितलं. म्हटलं, बाळा, पिशवीवरची खूण राहू दे, तिच्यातून आम्ही भाजी आणू. पण पत्रावर ती खूण फक्त आम्ही स्वतः वाचलेल्या मजकुराखालीच उमटेल. ती बरं म्हणाली. आठवड्यानं तिनं नवा कागद पाठवला. आमच्या अक्षरांखाली, मर्यादा-मुद्रेच्या जागी, तिनं एक छोटं वर्तुळ काढलं होतं. आम्ही विचारलं, हे काय? ती म्हणाली, "पणजीची बांगडी."

तेव्हा आम्हीही इथंच मर्यादा घालतो.