13 अधिक 3

पोलंडचा स्पीडवे स्वार येझी श्चाकिएल याच्याबद्दल एक मत वर्षानुवर्षे फिरत आले आहे: तो जगज्जेता झाला तो केवळ नशिबाने, निर्णायक शर्यतीत न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर पडला म्हणून. उपलब्ध निकालपत्रकांवरून हे मत तपासता येते.

आधी तारीख आणि स्थळ. 2 सप्टेंबर 1973, रविवार. सिलेसियातील होझूफचे श्लोंस्की स्टेडियम. स्पीडवेची जागतिक वैयक्तिक अंतिम स्पर्धा. प्रेक्षक लाखाच्या पुढे होते असे सांगतात; पण असे गोल आकडे मी साक्षीला घेत नाही. साक्षीला घेतो ते गुणपत्रक. श्चाकिएल 13, मॉगर 13, झेनॉन प्लेख 12.

हे गुण वाचण्यासाठी रचना ठाऊक हवी. मोटारसायकलला ब्रेक नसतात. प्रत्येक शर्यतीत चार स्वार मातीच्या धावपट्टीवर चार फेऱ्या मारतात आणि क्रमाने 3, 2, 1, 0 गुण मिळतात. सोळा स्वार, वीस शर्यती. वेळापत्रक असे बेतलेले असते की प्रत्येक जण पाच वेळा उतरतो आणि उरलेल्या पंधराही जणांशी त्याची एकेकदा गाठ पडते. म्हणजे स्वाराचे गुण ही त्याने मागे टाकलेल्या माणसांची संख्याच असते. 13 गुण दोनच प्रकारे जमतात: चार विजय आणि एक तिसरा क्रमांक, किंवा तीन विजय आणि दोन दुसरे क्रमांक. दोन्ही प्रकारांत दिवसभरात पुढे गेलेले प्रतिस्पर्धी दोनच. एकदा जरी शून्य पडले असते, तरी बेरीज 12च्या वर गेली नसती. पाचांपैकी एकाही शर्यतीत श्चाकिएल रिकाम्या हाताने परतला नाही, हे त्या एका आकड्यावरून सिद्ध होते. मला हा आकडा कितीही वेळा पाहिला तरी पुरत नाही.

आता विरुद्ध बाजूचा पुरावा, कारण तो दडवणे बरे नव्हे. दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर 1971मध्ये, गोथेनबर्गच्या अंतिम स्पर्धेत याच श्चाकिएलच्या नावापुढे शून्य आहे. नशिबाचा सिद्धान्त मांडणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम कागद.

पण त्याच वर्षीचा आणखी एक कागद आहे. 11 जुलै 1971, रिब्निक, जागतिक जोडी स्पर्धा. श्चाकिएल आणि आंजेय विग्लेंदा यांचे गुण 30. जोडीला सहा शर्यती, एका शर्यतीत जास्तीत जास्त 3 अधिक 2. म्हणजे 30 हे पैकीच्या पैकी गुण: सहाही वेळा पहिले दोघे पोलंडचेच. दुसऱ्या आलेल्या न्यूझीलंडचे गुण 25, आणि त्या जोडीत होते मॉगर आणि बॅरी ब्रिग्ज. पोलंडविरुद्ध त्यांना जास्तीत जास्त एक गुण मिळू शकत होता. मग उरलेल्या पाच शर्यतींतील 25पैकी किमान 24 त्यांनी मिळवलेच असणार. इतरांसाठी ते जवळपास अजिंक्य होते. होझूफच्या दोन वर्षे आधी श्चाकिएलने मॉगरला समोरासमोर मागे टाकले होते, हे इथे निश्चित होते.

राहिली ती 13-13ची बरोबरी फोडणारी निर्णायक शर्यत, म्हणजे शीर्षकातले ‘अधिक 3’. मॉगर या प्रसंगाला नवखा नव्हता. 1972 साली वेम्ब्लीवर त्याचे आणि स्वीडनच्या बर्न्ट पेर्सनचेही 13-13 गुण झाले होते आणि जादा शर्यत जिंकूनच तो जगज्जेता ठरला होता. होझूफला श्चाकिएल पुढे होता. मॉगरने त्याला गाठून ओलांडायचा प्रयत्न केला आणि तो पडला. क्रम लक्षात घ्या: आघाडी आधी, पडणे नंतर. पडला नसता तर ओलांडता आले असते का, हा तर्काचा प्रांत आहे. मी त्यात शिरत नाही. बरोबरी मात्र त्या पडण्यापूर्वीच्या वीस शर्यतींत झाली होती.

गोथेनबर्गच्या शून्यावरून कामगिरीत सातत्य नव्हते असे म्हणता येईल. होझूफचे विजेतेपद आयते मिळाले, असे म्हणायला या पत्रकांत आधार सापडत नाही.

पोलंडला पुढचा जगज्जेता तोमाश गोलोबच्या रूपाने 2010 साली मिळाला. ओपोलेच्या कोलेयाश क्लबचा स्वार श्चाकिएल 1 सप्टेंबर 2020 रोजी वारला. दुसऱ्याच दिवशी होझूफच्या त्या रविवारला 47 वर्षे पूर्ण झाली.