डिस्पोजलच्या मालमोटारी

शहापूरहून भंडाऱ्याकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एका चिंचेखाली मालमोटारीचा एक सांगाडा माझ्या लहानपणी पडलेला असे. चाके गेलेली, टप गेलेला; उरला होता तो फक्त चपट्या नाकाचा पुढचा भाग. समोरच्या काचेची चौकट वरून पुढे झुकलेली आणि खाली आत वळलेली होती. आम्हा पोरांना वाटे, गाडीला अपघात होऊन ती तशी वाकली असावी. पुष्कळ वर्षांनी कळले की ती मुळातच तशी होती. वरून जाणाऱ्या विमानाला काचेची चकाकी दिसू नये म्हणून ती तशी बसवली होती. ज्या गाडीवर आम्ही चिंचा फोडल्या ती एका महायुद्धासाठी जन्मली होती, हे कळायला मला तिशी उलटावी लागली.

कॅनडातल्या फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धात एकाच नमुन्याच्या चार लाखांच्या वर लष्करी गाड्या बांधल्या. त्यांपैकी पुष्कळ उजव्या हाताच्या चालकासाठी होत्या, म्हणून त्या इंग्रजांच्या फौजांना आणि पर्यायाने हिंदुस्थानात आल्या. शेवरलेला सहा सिलिंडरचे ८५ अश्वशक्तीचे इंजिन, फोर्डला आठ सिलिंडरचे ९५ अश्वशक्तीचे. दोन्ही पेट्रोलवर चालत आणि दोन्हींत चारही चाकांना जोर देणारे नमुने असत. याच जातीच्या फोर्डच्या सांगाड्यावर टाटांच्या पोलादाचे कवच चढवून इथे चिलखती गाड्याही झाल्या. आपला मुलूख या युद्धापासून दूर होता असे आम्ही समजतो, पण ते तितकेसे खरे नाही. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी १९४० साली युद्धाच्या गरजेपोटीच झाली, आणि पलीकडे छिंदवाड्यास १९४३ पासून १४ वी हिंदी डिव्हिजन ब्रह्मदेशात जाणाऱ्या शिपायांना जंगलातली लढाई शिकवीत होती.

युद्ध संपले आणि गाड्यांचे काय करायचे हा प्रश्न उरला. सरकारने त्या लिलावात काढल्या. ‘डिस्पोजल’ हा शब्द तेव्हा आपल्या भाषेत शिरला तो असा शिरला की कोट डिस्पोजलचा, तंबू डिस्पोजलचा, भांडी डिस्पोजलची, आणि गाडीही डिस्पोजलची. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जुळवायला घेतली आणि पुढे जंगलखात्याच्या साहेबांना जीप मिळाली. लाकडाच्या ठेकेदारांना मात्र साहेबी गाडी परवडत नव्हती. सागाचे ओंडके अड्याळ-पवनीच्या रानातून भंडारा रोडच्या, म्हणजे वरठीच्या, स्टेशनावर आणायचे तर रस्ता नव्हता. कन्हार जमिनीत बैलगाडीचा आसही बुडे. अशा ठिकाणी ही चपट्या नाकाची गाडी देवासारखी धावून आली.

माझे वडील १९६८ पासून दहा वर्षे अशाच एका शेवरलेवर ड्रायव्हर होते. चिंचेखालचा सांगाडा तिचाच. ती तिथे कशी आली, आणि वडिलांनी पुन्हा कधी मालमोटारीच्या चाकाला हात का लावला नाही, हे समजून घेण्यासाठीच मी या विषयाच्या नादी लागलो.

नदी ओलांडायची तर पेट्रोलच्या गाडीचा पहिला शत्रू म्हणजे पाणी नव्हे, पाण्याचे शिंतोडे. पंखा पाणी उडवतो, ते डिस्ट्रिब्यूटरवर आणि प्लगच्या तारांवर पडते, ठिणगी मरते आणि गाडी मध्यधारेत थांबते. म्हणून जुने ड्रायव्हर पाण्यात शिरण्यापूर्वी पंख्याचा पट्टा उतरवीत आणि जाळीवर पोते बांधीत. चाल हळू पण एकसारखी ठेवीत. तशी ठेवली की गाडीपुढे एक लाट उभी राहते आणि तिच्या मागे इंजिनाच्या जागी पाणी थोडे उतरते. मागचा धुराचा नळ बुडाला तरी बिघडत नाही, कारण इंजिन चालू असेतो धूर पाण्याला बाहेर रेटतो. इंजिन बंद पडले की मात्र तोच नळ पाणी आत घेतो.

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ६ जून १९४४ रोजी उतरलेल्या गाड्यांना हेच सारे उपाय मोठ्या प्रमाणावर केले होते. वायरिंगला चिकट लेप, हवा घेणारा नळ टपापर्यंत उंच. अमेरिकनांनी तर अडीच टनी मालमोटारीलाच नावेचे अंग चढवून ‘डक’ नावाची गाडी केली. तशा २१ हजारांच्या वर बांधल्या गेल्या आणि १९४५ साली इरावती ओलांडतानाही त्या होत्या. चालकाला बसल्या जागेवरून चाकांतली हवा कमी-जास्त करता येई. वाळूत हवा कमी, सडकेवर जास्त. आमच्याकडे हेच काम क्लीनर उकिडवा बसून काडीने व्हॉल्व्ह दाबून करी.

वडिलांच्या शेवरलेचे पेट्रोल इंजिन मालकाने काढून टाकले आणि पर्किन्सचे पी-६ हे डिझेल इंजिन बसवून घेतले. मद्रासची सिम्प्सन कंपनी ते इथे बनवी आणि जुन्या पेट्रोल गाड्यांत ते घालण्याची तेव्हा साथच होती. डिझेलला ठिणगी लागत नाही. तारा भिजल्या तरी चिंता नाही. फक्त हवेच्या वाटेने पाणी आत जाता कामा नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, दट्ट्या वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून नागपूरच्या एका मिस्त्रीने हवेचा नळ टपाच्या वर नेला. दोन्ही आसांच्या गोळ्यांना, म्हणजे डिफरन्शियलना, श्वासाच्या रबरी नळ्या लावून त्याही वर बांधल्या. ही गोष्ट बारीक आहे, पण जाणत्याची आहे. चालून तापलेला गोळा गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि तो सीलमधून पाणी ओढून घेतो. दोन दिवसांनी तेल काढावे तर ताकासारखे पांढरे! मिस्त्रीने पाट्यांवर पट्ट्या चढवून गाडी उचलली, मोठे टायर घातले. वडील म्हणत, ती गाडी मग नदीला विचारीत नसे.

नेमके तिथेच चुकले.

मालकाने धान वाहण्यासाठी मागचा फळ्यांचा हौदा आतून पत्र्याने मढवून घेतला. दाणा सांडू नये हा हेतू. कार्तिकात धान उतरवून गाडी रिकामी परत येत होती. रात्री अवकाळी पाऊस झालेला, चुलबंद नेहमीपेक्षा फुगलेली. पाणी छातीइतके. इंजिन तसूभरही अडखळले नाही. गाडी चालूच होती, फक्त चाके जमिनीवर नव्हती.

सातवीच्या वर्गात आर्किमिडीज शिकवताना मी हे गणित फळ्यावर घालतो. हौदा बारा फूट लांब, सात फूट रुंद. तळाच्या वर एक फूट पाणी चढले आणि पत्र्यामुळे ते आत आले नाही, तर ८४ घनफूट पाणी बाजूला सरले, म्हणजे जवळजवळ २,४०० किलो. रिकामी गाडी साडेतीन टनांची धरली तर चाकांवर टनभर ओझे उरते. त्यात मोठ्या टायरांतली हवा, डिझेलची टाकी. एवढ्या हलक्या वस्तूला नदीने काठीसारखे फिरवले तर नवल काय? गाडी आडवी झाली, खालच्या अंगाला कलली. क्लीनर पोरगा टपावरून उडी मारून पोहत निघाला. वडिलांच्या खांद्याचे हाड मोडले. साधी, जुनी, पेट्रोलची गाडी असती तर गुडघाभर पाण्यातच बंद पडली असती आणि सगळे शिव्या देत काठावर बसले असते. फळ्यांच्या फटी असत्या तर पाणी हौद्यात शिरून तिला खाली दाबून धरते. प्रत्येक सुधारणा आपापल्या जागी बरोबर होती. त्या एकत्र आल्या तेव्हा गाडी तिच्या वजनाला न झेपणाऱ्या पाण्यात पोहोचू लागली.

मालकाने दोष ड्रायव्हरचा ठरवला. सहा महिन्यांचा पगार कापला आणि बैलांनी ओढून आणलेला सांगाडा ‘घे तुझी गाडी’ म्हणत आमच्या घराजवळ टाकला. मी जन्मलो तो त्यानंतर दोन वर्षांनी. दोष मालकाच्या पत्र्याचा, असे मी मनाशी ठरवून टाकले होते आणि फळ्यावरचे ते गणितही, खरे सांगायचे तर, वडिलांच्या बाजूने दिलेली साक्ष होती.

आता तशा गाड्या कोणी रानात चालवीत नाही. जबलपूरला १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान मालमोटार होऊ लागली, १९६९ साली तिथे वाहनांचा वेगळा कारखाना झाला, जोंगा निघाली. आमच्या जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे शहापूरच्या पोरांना लष्करी गाड्यांचे अप्रूप उरले नाही. पुढे त्याही लिलावात निघाल्या आणि हौशी लोकांनी घेतल्या. गाडीच्या मूळ रूपात फेरफार करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आड येते, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला, अर्धे भंडारा पाण्यात गेले. आमच्या बाजूच्या नाल्यावरचा रपटाही बुडाला होता. पलीकडच्या वस्तीत आजारी माणूस आहे म्हणून ओळखीचा एक तरुण आपली उचललेली जीप घेऊन आला. हवेचा नळ टपाच्या वर, टायर हातभर रुंद. हेतू चांगला होता. वडील पंचाहत्तरीला आलेले, काठी टेकत तिथे गेले. मी छत्री धरून मागे.

“पायानं उतरून पाह्यलं का रे बापू?” त्यांनी विचारले.

“आजोबा, नळ वर हाये ना. इंजिनात पानी जात नाही.”

“माह्याबी नव्हतं गेलं.” थोडा वेळ ते पाण्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “रोज उतरत होतो. काठी घेऊन आरपार जाऊन यायचो, मंग गाडी घालायचो. त्या दिवशी थंडी होती. नाही उतरलो.”

चाळीस वर्षांत त्यांनी हे घरात कोणाला सांगितले नव्हते. तरुणाने कमरेला दोर बांधला, दोर आम्ही धरला. तो रपट्याच्या मध्यापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. पलीकडच्या टोकाचा काँक्रीटचा तुकडा वाहून गेला होता. पाण्याखाली तिथे काहीच नव्हते. आजारी माणसाला दुपारी नावेने आणले.