मुठीचे लाकूड

शस्त्राचा इतिहास म्हटला की आपली दृष्टी पात्यावर जाऊन स्थिरावते. पोलाद कोठले, धार कशी, कोणत्या लढाईत ते चालले, हे प्रश्न आपण आवडीने विचारतो. परंतु पाते हातात धरता येत नाही. हातात येते ती मूठ. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, मालवण, देवगड, वेंगुर्ले या टापूत, मूठ कशाची असे आणि ती तशीच का असे, याचा विचार करू लागलो म्हणजे लोहाराच्या भात्यापासून थेट राज्याच्या जंगलापर्यंत जाऊन पोचतो. आजचे विवेचन त्या वाटेचे आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. मराठ्यांच्या तलवारीला शिसवी मूठ असे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. संग्रहालयांतून ज्या मराठा तलवारी आपण पाहतो, त्यांची मूठ बहुतेक लोखंडाची वा पोलादाची असते. बोटांचे रक्षण करणारी परज आणि वरची वाटोळी कटोरी हीही त्याच धातूची. पात्याची मागची निमुळती शेपटी या पोकळ मुठीत शिरवीत आणि लाखेच्या किंवा राळेच्या तापवलेल्या लुकणाने घट्ट बसवीत. यातील सोय अशी की पाते मोडले तर मूठ तापवून लुकण मऊ करावयाचे आणि त्याच मुठीत दुसरे पाते बसवावयाचे. युरोपातून, विशेषतः पोर्तुगीजांच्या व्यापारातून, जी सरळ पाती या किनाऱ्यावर उतरत, त्यांना इकडे ‘फिरंग’ म्हणत. त्या परदेशी पात्यांना देशी मुठी चढत. १८७५-७६ साली इंग्लंडच्या युवराजांच्या हिंदुस्थान-भेटीत कोल्हापूर दरबाराकडून जी तलवार त्यांना नजर झाली आणि जी शिवछत्रपतींची ‘जगदंबा’ म्हणून सांगितली जाते, तिचेही पाते युरोपीय आणि मूठ हिंदी आहे.

तलवारीत लाकूड नव्हते असे मात्र नाही. ते म्यानात होते. लाकडाच्या दोन पातळ फळ्या आतून कोरून, एकमेकींस चिकटवून, वर कातडे किंवा मखमल मढवीत. म्यानाला हलके व मऊ लाकूड हवे. कठीण लाकूड धारेला घासेल आणि कमरेला जड होईल. म्हणजे एकाच शस्त्रावर दोन कारागिरांच्या निवडी दिसतात: हात लागेल तेथे धातू, धार टेकेल तेथे मऊ लाकूड.

मग काळे, कठीण लाकूड गेले कोठे? ते गेले सुरीला, कोयत्याला आणि रोजच्या हत्यारांना. ज्या हत्याराने माडाचा नारळ उतरतो, कुंपणाची काटेरी फांदी तुटते, मासळी कापली जाते, त्याची मूठ लाकडी. लोखंडी मूठ रोजच्या कामाला महाग, उन्हात तापणारी आणि खाऱ्या हवेत गंजणारी. कोकणी माणसाने कमरेच्या आकडीला अडकवलेला कोयता आठवा. चार महिने तो पावसात भिजतो आणि उरलेले आठ महिने घामात व समुद्राच्या वाऱ्यात. साधे लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मूठ सैल होते, आतल्या शेपटीला गंज चढतो आणि गंज फुगला की लाकूड तडकते. सैल मुठीचा कोयता घेऊन माडावर चढणाऱ्याच्या जिवाशीच गाठ असते.

येथे काळ्या रंगाचे रहस्य कळते. झाडाचा बाहेरचा भाग पांढुरका व रसाचा असतो. त्याला कीड लवकर लागते. वय वाढते तसा आतला गाभा मरत जातो आणि त्यात तेलकट, कडवट द्रव्ये साठतात. त्यांनीच तो गडद होतो आणि वाळवीला व कुजण्याला दाद देत नाही. तेव्हा मुठीसाठी काळे लाकूड निवडणे म्हणजे केवळ शोभा निवडणे नव्हे. आपल्याकडे शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी, काळ्या रेषांचा. खैराचा तांबूस व त्याहूनही जड. टेंभुर्णीचा काळाकुट्ट, परंतु झाडाच्या मानाने थोडा. जाणता कारागीर यांतूनही पारख करतो: धागा सरळ हवा, गाठ नको, आणि खोडाच्या अगदी मधला बिंदू मुठीत येता कामा नये, कारण तडा तेथूनच सुटतो. लाकूड सावलीत महिनोन् महिने वाळले पाहिजे. घाईने उन्हात वाळवलेले पहिल्याच हंगामात फाटते.

याउलट कुऱ्हाडीचा दांडा पाहा. तेथे घाव बसतो आणि धक्का हाताला येतो. म्हणून कठीणपणापेक्षा लवचिकपणा महत्त्वाचा, आणि धामणीचे लाकूड त्या कामी नावाजलेले. सुरीच्या मुठीने ओल सोसावी, कुऱ्हाडीच्या दांड्याने धक्का सोसावा. खेड्यातील सुतार हे शास्त्र पुस्तकावाचून जाणत होता.

आता हे लाकूड येत होते कोठून, याकडे वळू. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि १६६७ साली ते पुरे झाले. जलदुर्गाबरोबर आरमार आले आणि आरमाराबरोबर लाकडाची प्रचंड गरज आली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१६ च्या सुमारास, या गरजेला मर्यादा घातलेली आढळते. आरमारासाठी सागवानादी लाकूड हुजूरच्या परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. परंतु आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, असा त्यातील आशय आहे. झाड जीर्ण असेल तर धन्याला राजी करून व मोल देऊन तोडावे, असेही तेथे सांगितले आहे. राज्याला लाकूड हवे होते, आणि तरीही झाडाचे वय कोणाच्या तरी आयुष्यातून आलेले आहे, हे त्या लेखकाला ठाऊक होते.

पुढे काळ पालटला. १८१२ साली मालवण इंग्रजांकडे गेले आणि १८१८ नंतर उरलेले कोकणही त्यांच्या हाती आले. १८२४ साली रत्नागिरीचे कलेक्टर डनलॉप यांनी जाहीरनामा काढून झाडांवरील सरकारी हक्क जमीनधारकांच्या स्वाधीन केला. हेतू वाईट नव्हता. लोकांनी झाडे लावावी, असाच तो होता. परिणाम उलटा झाला. मुंबई वाढत होती, तिला इमारती लाकूड व सरपण हवे होते, आणि गलबते बंदराबंदराला उभी होती. किनाऱ्यालगतचे डोंगर उघडे पडू लागले. त्या जाहीरनाम्यावरून खोत आणि सरकार यांच्यात मालकीचे वाद पुढे कित्येक वर्षे चालले. झाड कोणाचे, हा प्रश्न कचेरीत लढवला जात असता झाडे मात्र डोंगरावरून उतरत होती.

खैराची गत आणखी विशेष. त्याचा गाभाच उकळून कात काढतात. म्हणजे मुठीला जो भाग उत्तम, तोच भट्टीत जातो. शिसवाला फर्निचरवाल्यांची मागणी आली; गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून ती होतीच. सुरीच्या मुठीला वीतभर तुकडा पुरतो आणि तो पलंगाच्या उरलेल्या तुकड्यातूनही निघतो. मुठी करणाऱ्यांनी जंगल संपवले, असे म्हणता येणार नाही. पण जंगल संपले की तो वीतभर तुकडाही मिळेनासा होतो. २०१७ सालापासून शिसवाच्या साऱ्या प्रजातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार करारान्वये नियंत्रित आहे. इतक्या दूरवर या लाकडाची टंचाई जाऊन पोचली.

१९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झालेला आपला जिल्हा त्या किल्ल्याचेच नाव धारण करतो. किल्ल्याची तटबंदी राखावी, यावर आपले एकमत आहे. परंतु ज्या लोहार-सुतारांनी त्या काळाला हत्यारे पुरवली, त्यांची विद्या दगडात नव्हे, झाडांत साठलेली होती. आज बाजारात प्लास्टिकच्या मुठीचा कोयता स्वस्त मिळतो. तो घेणाऱ्याला दोष देता येत नाही. मात्र कारागिराने आपल्या मुलाला गाभा ओळखावयास शिकवावे, असे आपण म्हणत असू, तर त्याच्यासमोर गाभा धरलेले झाडही असावयास हवे. शिसव मुठीजोगा होण्यास माणसाचे निम्मे आयुष्य तरी जाते. म्हणून बांधावर, देवराईत, शाळेच्या आवारात आज जो शिसव वा खैर लावील, त्याला त्याची मूठ धरावयास मिळेलच असे नाही. आज्ञापत्राच्या कर्त्यालाही हे ठाऊक होते, आणि तरी त्याने ते कलम लिहून ठेवले.